दुरंगी होस्टाला गडद सावली मानवत नाही

सावलीतल्या बागेविषयी एक सल्ला सगळीकडे फिरतो आहे: बुटका दुरंगी होस्टा (हिरव्या-पांढऱ्या पानांसाठी लावलं जाणारं शोभेचं रोप) मोठ्या झाडाच्या बुंध्याशी गडद सावलीत लावा, पानांतला पांढरा रंग गेला तर खत घाला, हिवाळ्यात पानं झडली तर रोप मेलं समजा. या सल्ल्यापायी धडधाकट रोपं हकनाक जातात.

‘होस्टाला सावलीच हवी.’ होस्टा सावली सोसतो, तिच्यावर पोसत नाही. पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळपास नसतंच. अन्न बनवायचं ते हिरव्या भागानेच. ‘पांडोराज बॉक्स’ या वाणाच्या पानाचा मधला भाग पांढरा, हिरवी फक्त कड, आणि रोप जेमतेम वीतभर. गडद सावलीत ते दर हंगामात खंगत जातं. त्याला सकाळचं कोवळं ऊन किंवा फांद्यांतून येणारे कवडसे हवेत. दुपारच्या उन्हात मात्र पांढरा भाग आधी करपतो, ही भीती खरी आहे.

‘बुंध्याशी लावा.’ तिथलं पाणी झाडाची मुळंच ओढून घेतात आणि बुटक्या होस्टाची उथळ मुळं कोरडी राहतात. त्यापेक्षा चांगल्या निचऱ्याची कुंडी बरी.

‘रंग गेला तर खत घाला.’ सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. कोंबाच्या शेंड्यात पेशींचे थर असतात. काही थर हरितद्रव्य बनवू शकतात, काही नाही. त्या थरांची मांडणी बदलली की अख्खा हिरवा कोंब फुटतो, आणि कितीही खत घातलं तरी त्या कोंबावर पांढरा रंग परत येत नाही. उलट हिरवा कोंब मुळातच जोमदार असल्यामुळे खताचा फायदा तोच उचलतो आणि दुरंगी कोंबांना मागे टाकतो. दिसताक्षणी तो खालच्या गड्ड्याच्या (जिथून कोंब फुटतात त्या जाड भागाच्या) तुकड्यासकट कापून काढा. नुसती पानं खुडलीत तर पुन्हा फुटेल. (पिवळ्या पानांचे काही वाण सावलीत हिरवट होतात, ती गोष्ट वेगळी, त्यांना जरा उजेडात हलवून बघा.)

‘हिवाळ्यात मेलं.’ पानं झडली तरी जमिनीखालचा गड्डा जिवंत असतो. होस्टाला काही आठवडे कडक थंडीची विश्रांती लागतेच. ती मिळाली नाही तर पुढची फूट अशक्त येते. म्हणून कुंडी उबदार घरात आणू नका. बाहेरच राहू द्या, फक्त तिच्यात पाणी साचू देऊ नका, कारण झोपलेला गड्डा ओलीने कुजतो.