'आपसात मिटवून टाकू'

आज दुपारी एक स्टॅम्पपेपर वाचला आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. ५०० रुपयांचा कागद, नोटरीचा गोल शिक्का आणि मजकूर असा : 'सदर अपघात माझ्याच चुकीने झाला असून माझी कोणाविरुद्ध काहीएक तक्रार नाही. मला रोख रु. ४०,०००/- मिळाले.' सही फरशी बसवणाऱ्या एका कारागिराची, वय ३४. टेम्पोने मागून ठोकलं. गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली, आत रॉड आहे. टेम्पोचे शेठ शहाळी घेऊन हॉस्पिटलात आले आणि मेहुण्याला बाजूला घेऊन म्हणाले, पोलिसांच्या लफड्यात कशाला पडता, आपसात मिटवून टाकू.

मागून ठोकलं आणि चूक याची!

अहो, थर्ड पार्टी विमा काढलेला असेल तर भरपाई शेठच्या खिशातून जात नाही, विमा कंपनी देते. गाडीवाल्याची दया येते ती येऊ द्या, विमा कंपनीची कसली दया?

आता दावा केला तर कोर्ट भरपाई कशी काढतं, तो हिशेब बघा. महिना १५,००० कमाई धरू. चाळिशीच्या आतला, स्वतःचा धंदा, म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे : २१,०००. वर्षाचे २,५२,०००. वर्षाची कमाई वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायची. ३१ ते ३५ वयाला तो १६, म्हणजे ४०,३२,०००. याला कमाईची क्षमता किती टक्के गेली त्याने गुणायचं. २० टक्के धरली तरी ८,०६,४००. हॉस्पिटलचं बिल, बुडालेली मजुरी, सोबतीला राहिलेल्या माणसाचा खर्च, वेदनांचे पैसे वेगळे. जखमीच्या दाव्यात कमाईतून त्याच्या स्वतःवरच्या खर्चाची वजावटही होत नाही, ती मृत्यूच्या दाव्यात होते. आणि याने घेतले ४०,०००.

टक्क्यांवरच सगळी केस उभी असते. डॉक्टर लिहितात 'उजवा पाय, ३० टक्के', ते त्या पायाचे, पूर्ण शरीराचे नव्हेत. विमा कंपनीचा वकील तो आकडा खाली ओढणार. पण २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालापासून कोर्टाने बघायचं असतं ते हे, की या माणसाच्या कामाचं काय झालं. डावा हात गेला तर सुताराची कमाई जवळपास पूर्ण जाते, सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. आमचा गडी चालतो बरा, पण उकिडवं बसता येत नाही. फरशीवाल्याला उकिडवं बसता येत नसेल तर उरलं काय? कोर्टाने ५० टक्के धरले तर हाच आकडा २०,१६,००० होतो. पण त्यासाठी डॉक्टर साक्षीला यावा लागतो. नुसतं सर्टिफिकेट जोडलं तर ते फाइलमध्ये पडून राहतं. कमाईसाठी ठेकेदाराची हजेरीवही, फोनपेच्या नोंदी, जे असेल ते द्या.

दुसरा घोळ कॅज्युअल्टीत होतो. पोलीस नकोत म्हणून मेहुण्याने सांगितलं, 'घसरून पडला'. ते डिस्चार्ज कार्डावर छापून आलं. एमएलसी (हॉस्पिटलने पोलिसांसाठी करायची नोंद) नाही, एफआयआर नाही, पंचनामा नाही. आता टेम्पो कुठून आणायचा? बाबांनो, दाखल करताना वाहनाने ठोकलं असंच सांगा, नंबर माहीत असेल तर लिहून घ्यायला लावा. १०८ ची अॅम्ब्युलन्स आली असेल तर तिच्या नोंदीत वेळ आणि जागा असते. एफआयआर उशिरा झाली म्हणून दावा मरत नाही, उशीर का झाला ते मात्र सांगावं लागतं. पक्की बिलं जपा. मेडिक्लेमला मूळ बिलं देणार असाल तर आधी साक्षांकित प्रती काढून ठेवा.

आणि मुदत. दावा टाकायला १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात अपघातानंतर ६ महिने लिहिलेत. त्याला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलंय, पण त्या भरवशावर कोणी झोपू नये. दावा आपण राहतो तिथल्या ट्रिब्यूनलमध्येही (मोटार अपघातांचे दावे चालवणारं कोर्ट) टाकता येतो, अपघात नागपूरला झाला म्हणून नागपूरला खेपा घालायला नकोत.

गाडी ठोकून पळाली असेल तर प्रांत किंवा तहसीलदारांकडे अर्ज करायचा : मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५०,०००. लोकलमधून पडलेल्यांनी एका वर्षात रेल्वे दावा न्यायाधिकरणात जायचं. तिकीट सापडलं नाही एवढ्यावर दावा फेटाळता येत नाही, रूळ ओलांडताना मात्र सहसा काही मिळत नाही. खड्ड्यांमुळे झालेल्या अपघातांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये रकमाच ठरवून दिल्या : मृत्यूला ६ लाख, जखमींना ५०,००० ते अडीच लाख. कामावर लागलं आणि ईएसआय (सरकारी कामगार विमा) असेल तर पैसे तिथूनच येतात, मालकावर वेगळा दावा नाही.

हो, खोटे क्लेम होतात, आणि काही वकील त्यात मुरलेत. आणि वर्षं जातात, कबूल. म्हणून ४०,००० वर सही करायची?

त्या पोराला मात्र रागावता आलं नाही. घरी दोन लेकरं, भाडं थकलेलं, त्यात कोणी रोख पुढे केली. माझा राग नोटरी करून देणाऱ्यावर आहे. हे वाक्य काय करतं ते त्याला नक्की ठाऊक होतं.

अपघाताला साडेचार महिने झालेत, म्हणजे वेळ आहे. उद्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यायची. घेतली नाही तर पोस्टाने एसपींकडे पाठवायची, तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेट. अशा कागदाने दावा आपोआप संपतोच असं नाही, पण समोरचा वकील पहिल्यांदा तोच पुढे करणार. करू दे. कारण त्याच कागदावर टेम्पोचा नंबर आहे, तारीख आहे, आणि 'माझ्या वाहनाने धडक बसली' याखाली शेठची सही आहे. जो पुरावा आम्ही शोधत होतो तो त्यांनीच नोटरी करून दिलाय. पोराला सांगितलंय, चार झेरॉक्स काढ, आणि मूळ कागद लॅमिनेट करू नकोस.