खंबीर नेतृत्वाची निगा

देशाला खंबीर नेतृत्व हवं, असं तुम्हाला मनापासून वाटतं ना? मग नुसतं वाटून भागायचं नाही. खंबीर नेता आपोआप घडत नसतो. त्याच्या आजूबाजूच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या ठेवाव्या लागतात, आणि ते काम तुमच्याआमच्यासारख्या सामान्य माणसाचं. नेते बिचारे सभा घेतील, रोड शो करतील, पहाटे उठून अधिकाऱ्यांना झापतील. पण ग्रामसभेला न जाण्याचं काम तुमच्या वतीने ते थोडेच करणार? ते ज्याचं त्यानेच करायचं.

सुरुवात गावापासून करू. महाराष्ट्रात ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यांतला जो आकडा कमी असेल तो. म्हणजे पाच हजार मतदारांच्या गावातही शंभर टाळकी जमली की सभा कायदेशीर झाली. धोका किती जवळ आहे बघा. बैलगाडा शर्यतीला याच्या कितीतरी पट माणसं सहज जमतात. म्हणून 15 ऑगस्टला झेंडावंदन झालं, पोरांना खाऊ वाटून झाला, की पारावर न रेंगाळता घर गाठा. ग्रामसेवक जरा वेळ वाट पाहतील, सरपंच दोनदा घड्याळाकडे बघतील, आणि प्रोसिडिंग बुकात ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब’ अशी ओळ पडेल.

खरी गंमत पुढे आहे. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अटच नसते. सरपंच, ग्रामसेवक, दोन ठेकेदार आणि माईक लावणारा पोरगा एवढ्यांत गटाराचं काम, पाण्याची टाकी, घरकुलांची यादी, सगळं ‘सर्वानुमते’ मंजूर होतं. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. मग संध्याकाळी शिपाई रजिस्टर काखेत मारून दारात येतो. त्याला चहा द्या, सही करा. कशावर, ते विचारू नका. वरची जागा कोरी का, तेही विचारू नका. ती भरायला माणसं नेमलेली आहेत. आणि सरपंच बाई असतील तर पाण्याची तक्रार त्यांच्या यजमानांकडेच न्या. पंचायतीत निम्म्या जागा बायकांना असल्या म्हणून काय झालं, फोन कुणाच्या खिशात आहे ते महत्त्वाचं.

शहरात राहत असाल तर तुमचं काम आणखी हलकं. सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस लिफ्टशेजारी लागते. तिच्यातली शेवटची ओळ तुम्हाला पाठ असेल: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने भरेल व तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. ही ओळ ज्याने पहिल्यांदा लिहिली त्याला आपली नाडी अचूक सापडली होती. तो अर्धा तास वाया घालवू नका. तेवढ्यात व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘या देशाला शिस्त लावणारा कुणीतरी हवा’ असं टाकून द्या. पार्किंगचा निर्णय विरुद्ध गेला, की सेक्रेटरी हुकूमशहा आहे असं म्हणायला तुम्ही मोकळे.

वॉर्डातल्या मतदारांनी एकत्र बसून बोलायचा ‘क्षेत्रसभा’ नावाचा काही प्रकार असतो हे तुमच्या कानावर आलं नसेल तर उत्तमच. ती 2009 पासून कायद्यात आहे. तिथेच असू द्या. पुणे महापालिका तर 2006-07 पासून अंदाजपत्रकात कोणती कामं घ्यावीत ते नागरिकांनाच विचारते. पुणेकराकडून सूचना मागवायच्या, म्हणजे धाडसच! पण घाबरू नका, जाणता पुणेकर आपली सूचना मुदत संपल्यावर थेट वर्तमानपत्राच्या वाचक-पत्रांत पाठवतो.

आदर्श ठेवायचा तर मुंबईचा. महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि निवडणूक झाली जानेवारी 2026 मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं 227 नगरसेवकांच्या जागी एक प्रशासक. 2025-26चा अर्थसंकल्प 74 हजार कोटींच्या वरचा; प्रशासनाने मांडला, प्रशासकांनी मंजूर केला. घरातल्या घरात. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्टाच्या तारखा असं सगळं सुरू राहिलं, आणि शेवटी मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की बाबांनो, चार आठवड्यांत अधिसूचना काढा. पक्षांनी अधूनमधून मोर्चे काढले, तो त्यांचा धंदाच आहे. तुम्ही काय केलंत? पहिल्या पावसात सखल भागात पाणी भरलं, तेव्हा नेहमीप्रमाणे नगरसेवकाला शिव्या घातल्यात. तो तेव्हा पदावरच नव्हता हे पुष्कळांच्या गावीही नव्हतं. इतकी निष्ठा एका दिवसात अंगी बाणत नाही.

मतदानाचं तेवढं अवघड जागेचं दुखणं आहे, कारण खंबीर नेत्यालाही ते लागतं. तरी अभिजनांनी वाट दाखवून ठेवली आहे. लोकसभेला मुंबईत 20 मे 2024 रोजी मतदान होतं. वार सोमवार. शनिवार, रविवार जोडून आलेले, लोणावळ्याला हवा चांगली. दक्षिण मुंबईत मतदान सुमारे 50 टक्के झालं. त्याच निवडणुकीत गडचिरोली-चिमूरमध्ये ते 72 टक्क्यांच्या आसपास गेलं, आणि तिथे तर नक्षलवादी हिंसाचाराच्या भीतीने अनेक केंद्रं दुपारी तीनलाच बंद होणार होती. जंगलातून चालत येऊन रांगेत उभं राहणाऱ्या माणसांना नेतृत्वाची खरी किंमत कळत नाही, दुसरं काय.

मतदानाचीच कटकट नको असेल तर नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्याकडून शिका. तिथे सरपंचपदाचा चक्क लिलाव झाला. बोली गेली 2 कोटी 5 लाखांपर्यंत, आणि पैसे म्हणे देवळासाठी. देवही खूश, गावही बिनविरोध, प्रचाराचा खर्च वाचला, भाऊबंदकी टळली. राज्य निवडणूक आयोगाला मात्र हे पाहवलं नाही. त्याने जानेवारी 2021 मध्ये तिथली निवडणूकच रद्द केली. असल्या संस्था फार बारकाईने काम करायला लागल्या की लोकांच्या भावनांचा विचार राहत नाही.

बाबासाहेबांचा फोटो दिवाणखान्यात, कचेरीत, फ्लेक्सवर, कुठेही लावा. हार मोठा घाला. पण 25 नोव्हेंबर 1949चं संविधान सभेतलं त्यांचं भाषण उघडून बसू नका. धर्मातली भक्ती आत्म्याला मोक्ष देईल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीला आणि शेवटी हुकूमशाहीला नेते, असं काहीसं ते त्यात सांगून बसलेत. कितीही थोर माणूस असला तरी आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका, हेही. जयंतीच्या दिवशी हे कोण ऐकणार? शिवाय स्टेजवर आमदारसाहेब बसलेले असतात.

सहलीला कुठेही जा, फक्त गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला जाऊ नका. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ अशी त्यांची घोषणा. तिथे ठराव बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात, आणि सहमती होईपर्यंत लोक पुन्हा पुन्हा बसतात. बसतात! 2009 मध्ये त्यांनी सुमारे 1800 हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, तोही कुणा साहेबांच्या कृपेने नव्हे. ठराव, नकाशे, अर्ज असल्या भलत्या मार्गांनी. एकदा हे डोळ्यांनी पाहिलंत तर परत आल्यावर ‘आपल्या लोकांना लोकशाही झेपत नाही’ हे वाक्य पूर्वीच्या ठसक्यात म्हणता येणार नाही.

इतकी काळजी घेऊनही गावात एखादा निघतोच. सभेत मागच्या बाकावरून उठतो आणि मागच्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत मागतो. नाही मिळाली तर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवून माहितीचा अर्ज टाकतो आणि तीस दिवस मोजत बसतो. त्याच्या अंगावर धावून जाऊ नका, त्याने तो मोठा होतो. आधी ‘याला दुसरं काम नाही’ असं पारावर चार वेळा बोला. तरी ऐकेना, तर पुढच्या ग्रामसभेत त्याला तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष करून टाका. ज्याच्यावर गावातले तंटे मिटवायची जबाबदारी, तो स्वतः कुठला तंटा उकरणार? मग शाल, श्रीफळ, सत्कार. आणि एसटी स्टँडसमोर त्याचा बारा फुटी फ्लेक्स लावा, गॉगल घातलेला, हात जोडलेला, खाली मोठ्या अक्षरांत ‘भावी सरपंच’. महिनाभरात तोच शिपायाला रजिस्टर घेऊन तुमच्या दारी पाठवेल.