हेल्मेट कोपराला, खुरीस गळ्यात

गोव्यात राहून उत्तम ख्रिस्ती म्हणून नाव मिळवायचे असेल, तर प्रार्थना, दानधर्म, क्षमा असल्या वेळखाऊ मार्गांना लागू नये. या बाबतीत आपल्या बाइकवाल्यांनी फार मोठी मजल मारलेली आहे. गाडी धड चालवता येत नसतानाही पट्टीचा बाइकस्वार कसे दिसावे, याचे एक संपूर्ण शास्त्र त्यांनी सिद्ध केले असून ते श्रद्धेच्या क्षेत्रात जसेच्या तसे लागू पडते. आमच्या गावच्या इगर्जीपुढे, म्हणजे चर्चपुढे, आणि ओल्ड गोव्याच्या रस्त्यावर वर्षानुवर्षे जे पाहिले, त्याच्या आधारे नवशिक्यांसाठी पुढील सूचना करीत आहे.

आरंभ पेहरावापासून करावा. ज्याप्रमाणे भर मे महिन्यात, म्हापशाच्या बाजारात घामाच्या धारा लागलेल्या असतानाही खरा बाइकस्वार चामड्याचे जाकीट उतरवत नाही, त्याचप्रमाणे गळ्यातला खुरीस, म्हणजे क्रूस, शर्टाच्या आत जाऊ देऊ नये. तो छातीवर मावेल त्याहून किंचित मोठा असावा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात धार्मिकता मिरवणाऱ्या ज्या परूश्यांची हजेरी घेतली आहे, त्या बिचाऱ्यांना मंत्रपत्रे रुंद करून आणि झग्याचे गोंडे लांब करूनच भागवावे लागले, कारण त्यांच्याजवळ पेट्रोलची टाकी नव्हती. आपल्याजवळ ती आहे. टाकीच्या दोन्ही बाजूंना वचने चिकटवावीत आणि एक वचन मागच्या मडगार्डवर अवश्य असू द्यावे, म्हणजे पावसाळ्यात आपण उडवलेला लाल चिखल तोंडावर घेत मागून येणाऱ्याला ते निवांत वाचता येते.

हेल्मेट मात्र कोपराला अडकवावे. मोटार वाहन कायद्याचे कलम 129 नुसते हेल्मेट डोक्यावर ठेवून समाधान पावत नाही, त्याचा पट्टा नीट आवळलेला असावा असेही म्हणते. पण कायद्याचे काय, तो केस विस्कटतो. पुढच्या सर्कलला पोलीस दिसले की हेल्मेट डोक्यावर चढवावे आणि वळण संपले की पुन्हा कोपराला आणावे. श्रद्धेचे तंत्र हेच आहे. मुलाला मिशनऱ्यांच्या शाळेत प्रवेश हवा असतो, इगर्जीत लग्नाच्या चिठ्ठ्या, म्हणजे ठरलेल्या लग्नाची जाहीर सूचना, वाचायच्या असतात, फेस्ताच्या दिवशी बिशप येणार असतात, अशा मोजक्या नाक्यांवर ती डोक्यावर दिसली म्हणजे पुरे. हेल्मेट नसेल तर 1000 रुपये दंड आणि तीन महिने लायसन निलंबित, अशी तरतूद 2019 च्या दुरुस्तीने झाली आहे. श्रद्धेच्या बाबतीत तशी तरतूद कोणत्याही सरकारने अद्याप केलेली नसल्यामुळे काळजीचे कारण नाही.

आरसे स्वतःकडे वळवून घ्यावेत. मागून रुग्णवाहिका येते आहे की कदंबची बस, हे पाहण्यासाठी आरसे असतात, असा समज जुन्या लोकांत आहे. चोर्ला घाट उतरताना अनुभवी चालक सांगतो की नजर वळणाच्या शेवटाकडे ठेव, कारण नजर जिकडे जाते तिकडे गाडी जाते. दरीकडे पाहिलेस तर दरीत जाशील. हा नियम इतका खरा आहे, की मीस, म्हणजे इगर्जीतली उपासना, चालू असताना अर्पणाच्या वेळी वेदीकडे न बघता कोण कोण आले आहे आणि आपल्याला कोण कोण पाहते आहे याकडे बघत राहिल्यास माणूस नेमका तिथेच पोहोचतो, म्हणजे माणसांत. तेच तर आपल्याला हवे असते.

चेनला तेल घालण्यात वेळ दवडू नये, ते कोणालाही दिसत नाही. दार लावून केलेल्या प्रार्थनेचेही तसेच.

उपवासकाळात मांस सोडल्याचे सर्वांना कळवावे, आणि मासळीच्या पाच पदार्थांचे ताट समोर घेऊन कळवावे.

ओल्ड गोव्याच्या नोवेनाला, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, जाताना सायलेन्सर बदललेला असावा. ज्या संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाला आपण निघालेलो असतो, तो 1542 मध्ये गोव्यात उतरला तेव्हा चांगल्या निवासाची सोय नाकारून इस्पितळात राहिला, रोग्यांची सेवा करू लागला आणि हातात घंटी घेऊन गल्लीबोळांतून मुलांना धर्मशिक्षणासाठी बोलावीत हिंडला. घंटीचा आवाज तो केवढा! आपण त्यात सुधारणा केली पाहिजे. सासष्टीतून, सावंतवाडीतून, बेळगावकडून माणसे पायी चालत येतात, पायाला फोड आलेले असतात, कोणी अनवाणी असतो. पहाटेच्या अंधारात त्यांच्या कानाशी फटाक्यासारखे बार काढत गेल्याने त्यांची झोप उडते आणि भक्ती जागृत होते. 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात त्याचे शवप्रदर्शन झाले, तेव्हा पेटीसमोरून पुढे सरकण्याच्या त्या काही क्षणांत किती जणांनी पेटीकडे पाहिले आणि किती जणांनी मोबाइलच्या पडद्यात स्वतःकडे, हे सांगायची गरज नाही. आरशाविषयीची सूचना वर दिलेलीच आहे.

आता गाडी कुठे लावावी, हा प्रश्न. ती सर्वांना दिसेल अशा जागी लावावी, आणि अशी जागा म्हणजे इगर्जीच्या फाटकाची बरोबर मधली जागा होय. हँडल लॉक करून जावे, म्हणजे कोणी अश्रद्ध माणूस ती बाजूला सरकवू शकणार नाही. जुलैमधल्या एका पावसाळी रविवारी आमच्या गावातल्या एका गृहस्थांनी ही सूचना, मी लिहिण्यापूर्वीच, तंतोतंत पाळली. मीस संपल्यावर त्यांच्या बुलेटमागे माझी स्कूटर अडकली, पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल अडकली आणि एका म्हातारीला घेऊन आलेला पिवळ्या मडगार्डचा पायलट, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवाला, अडकला. त्या दिवशीचे शुभवर्तमान नेमके लूकच्या दहाव्या अध्यायातले होते. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला माणूस, त्याला पाहून पलीकडच्या कडेने निघून गेलेला याजक, तसाच निघून गेलेला देवळाचा सेवक लेवी, आणि थांबलेला तो परका शोमरोनी. गृहस्थ त्या दिवशी वाचक होते, माइकवरून त्यांनी दुसरे वाचन केले होते, आवाज खरोखर चांगला लागला होता. मीस आटोपल्यावर त्यांनी वेदीसमोर फोटो काढून घेतला, मग लूर्दच्या मातेच्या गुहेसमोर, मग पाद्रीविगारांबरोबर, मग त्यातला एक पसंत पडला नाही म्हणून पुन्हा पाद्रीविगारांबरोबर. पोदेराच्या टोपलीवरच्या प्लॅस्टिकच्या कागदात पावसाचे पाणी साचून तळे झाले होते आणि तो कोपऱ्यातून ते हळूहळू ओतून देत होता. म्हातारी जुन्या वळणाची, मध्यरात्रीपासून पोटात काही न घालता मिसाला येणारी, शिवाय मधुमेहाची रोगी; तिचे हात थरथरू लागले तेव्हा पायलटने पोदेराकडून एक पाव घेतला आणि मोडून तिच्या हातात दिला. आम्ही दोघांनी बुलेटचे मागचे चाक उचलून पाहिले. जड होती. शेवटी गृहस्थ आले, किल्ली बोटावर फिरवीत, आणि माझा चेहरा पाहून म्हणाले, “पात्रांव, देवाच्या दारांत इतली घाय कित्याक?”

मी काही बोललो नाही. म्हणून आता लिहीत आहे.

एक सूचना राहिली. चांगला बाइकस्वार आपल्याच सीसीच्या गाड्यांबरोबर फिरतो. साडेसहाशेवाला साडेतीनशेवाल्याकडे बघून मान हलवतो खरा, पण त्याच्या टेबलावर बसून चहा घेत नाही. आपणही मुलीचे लग्न ठरवताना वर्तमानपत्रात कॅथलिक वर पाहिजे अशी जाहिरात देऊन थांबू नये, बामण की चार्दो की सुदीर ही जातही स्पष्ट छापावे. बाप्तिस्मा एकाच कुंडातल्या पाण्याने झाला, प्रसाद एकाच वेदीवरून घेतला, हे सर्व रविवारपुरते ठीक आहे. जाहिरात रविवारच्याच अंकात येते, हा योगायोग समजावा.

आता उपरोध पुरे झाला. तुम्हाला गाडी चालवता येते की नाही, हे जाकिटावरून कळत नाही, स्टिकरवरून कळत नाही आणि बाइकवाल्यांच्या मेळ्याला वागातोरला गेल्याच्या फोटोंवरून तर मुळीच कळत नाही. ते कळते ओल्या रस्त्यावर, समोर अचानक कुत्रे आले असता, मागे बसलेला माणूस घाबरला असता. त्या पायलटच्या गाडीवर एकही वचन नाही. सकाळी निघताना तो टायर अंगठ्याने दाबून पाहतो, दुसरे हेल्मेट म्हातारीच्या डोक्यावर ठेवून पट्टा स्वतः लावतो, आणि वाटेत खुरीस आला की वेग कमी करून अंगठा कपाळाला नेतो. ते कोणी पाहिले की नाही, हे बघायला मान वळवत नाही. त्याने त्या दिवशीचे शुभवर्तमान कान देऊन ऐकले असेल असेही मला वाटत नाही, कारण तो बराच वेळ बाहेर गाडीपाशीच उभा होता.

आणि तुम्ही? तुम्ही माइकवरून वाचता. महामार्गावर कुठल्या तरी बांधकामावरचा, बिहारहून किंवा ओडिशाहून आलेला मजूर स्कूटरवरून घसरून पडलेला दिसला, की तुमचा दहा गाड्यांचा ताफा खुरीस मिरवत पलीकडच्या लेनमधून जातो, आणि शेवटचा फक्त मोबाइल काढण्यापुरता वेग कमी करतो. पोलिसांचे लचांड नको, असे म्हणू नका. अपघातातल्या माणसाला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून कायद्यात 2019 मध्येच 134अ हे कलम घातलेले आहे. रक्ताने सीट खराब होईल, ही भीती असेल तर तसे सरळ सांगा. 108 ची रुग्णसेवा गोव्यात मोटरसायकलवरूनही येते, आणि त्या स्वाराला तुमच्या ताफ्यातून वाट काढावी लागते, कारण तुमचे आरसे कुठे वळलेले आहेत ते मी वर लिहिले आहे. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, 108 लावा, ते येईपर्यंत त्या माणसाजवळ उन्हात उभे राहा, आणि कृपा करून त्याचा फोटो काढू नका.