टॉर्च मात्र ठेव

घरात एखाद्याला मोबाइलमधलं थोडंफार कळतं अशी बातमी फुटली की त्याची सुट्टी गेलीच म्हणून समजा. आमच्याकडे ती माझ्याबद्दल फुटली आहे. त्यामुळे काकांचा फोन आजारी पडला की माझ्याकडे येतो, आणि सोबत काकाही येतात. फोन एकवेळ परवडतो.

या वेळची लक्षणं: नुसता पडून तापतो, दुपारी बॅटरी मान टाकते, डेटा कुठे जातो कळत नाही आणि लॉक उघडलं की आधी जाहिरात.

"मी काहीही केलेलं नाही," काका म्हणाले. मी अ‍ॅप्सची यादी उघडली. बॅटरी वाचवणारं एक, फोन साफ करणारं एक, आणि एक टॉर्च. फोनची स्वतःची टॉर्च असताना! या टॉर्चला एसएमएस, संपर्क, मायक्रोफोन आणि अ‍ॅक्सेसिबिलिटी, सगळ्याची परवानगी.

"काका, उजेड पाडायला तुमचे एसएमएस कशाला वाचावे लागतात?"

"नाही म्हटलं की परत परत विचारायचं. मग म्हटलं, घे बाबा."

काकांना तरी किती बोलायचं? 2004 साली सिम्बियन या जुन्या मोबाइल प्रणालीच्या फोनांवर कॅबिर नावाचा वर्म, म्हणजे एका फोनवरून दुसऱ्यावर पसरणारा व्हायरस, आला होता. ब्लूटूथवरून यायचा, तोही रीतसर विचारून. नको म्हटलं की पुन्हा विचारायचा. शेवटी वैतागून लोक 'हो' दाबायचे. या टॉर्चच्या घराण्याची रीत तेव्हापासूनची आहे.

अनइन्स्टॉल करायला गेलो तर बटण फिकट. टॉर्चसाहेब डिव्हाइस अ‍ॅडमिन होऊन, म्हणजे फोनचे कारभारीच होऊन बसलेले! तो अधिकार काढायला सेटिंग्ज उघडली की स्क्रीन आपोआप मागे जायची. "बघ, भूत आहे की नाही?" काका जवळजवळ खूश झाले. भूत कसलं, अ‍ॅक्सेसिबिलिटी दिली की अ‍ॅप आपल्या वतीने बटणंही दाबू शकतं.

आधी इंटरनेट बंद केलं. मग पॉवर बटण दाबून धरलं आणि स्क्रीनवरच्या 'पॉवर ऑफ'वर बोट तसंच दाबून ठेवलं. बहुतेक अँड्रॉइड फोन असे सेफ मोडमध्ये जातात, आणि तिथे आपण टाकलेली अ‍ॅप्स चालत नाहीत. टॉर्चसाहेब गपगार. अ‍ॅक्सेसिबिलिटी काढली, अ‍ॅडमिनपद काढलं, मग अ‍ॅपच काढलं. साफ करणाऱ्यालाही साफ केलं. फोन पुन्हा नेहमीसारखा चालू करून गूगलच्या प्ले प्रोटेक्ट या तपासनीसाकडून तपासून घेतला. बँकेचा पासवर्ड मात्र माझ्या फोनवरून बदलायला लावला; चोर घरात असेल तर त्याच्यासमोर कुलूप बदलून काय उपयोग? काकांनी नवा पासवर्ड टाइप करताना मोठ्याने म्हटला.

एवढ्यानेही भागलं नसतं तर फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोन पुसून कोरा करणं. पण त्याआधी काकांच्या हजारो 'शुभ सकाळ' फुलांचा बॅकअप घ्यावा लागला असता, म्हणून मी मनापासून प्रार्थना करत होतो. 2019 साली गाजलेला एक्सहेल्पर नावाचा असलाच एक उपद्रवी रीसेटनंतरही परत यायचा, हे काकांना सांगितलं नाही. त्यांनी ते कौतुकाने ऐकलं असतं.

"सगळं काढ, पण टॉर्च मात्र ठेव," ते म्हणाले. मी फोनमधली टॉर्च लावून दाखवली. "हिचा उजेड तितका पांढरा नाही."

तेवढ्यात काकूंचा फोन आला. कॉल नव्हे, फोनच. तोही तापत होता. लिंक काकांनीच पाठवली होती.