पावडर तीच, जागा वेगळी

नमस्कार. ‘डॉक्टर स्वतःच रुग्णाच्या छातीत टाल्क सोडतात, मग बाळाच्या पावडरीला तुम्ही विषारी का म्हणता?’ असं तुम्ही विचारलंत. ‘विषारी’ हा शब्द चुकलाच, तो काढतो. टाल्क म्हणजे बाळाच्या पावडरीत असते ती मऊ दगडाची भुकटी. पण छातीचं उदाहरण तुमच्या बाजूचं नाही.

टाल्क सोडतात तो फुप्फुसात नाही, फुप्फुस आणि बरगड्यांमधल्या पोकळीत. कर्करोगामुळे तिथे पुन्हापुन्हा पाणी भरत असेल, तर आधी ते काढून साधारण ४-५ ग्रॅम निर्जंतुक टाल्क सलाइनमध्ये कालवून नळीतून आत देतात. त्याने पोकळीच्या दोन्ही बाजूंच्या, म्हणजे फुप्फुसावरच्या आणि बरगड्यांच्या आतल्या, पातळ पदरांना सूज येते, ते एकमेकांना चिकटतात आणि पाण्याला जागाच उरत नाही. नंतर ताप येतो, छाती दुखते. म्हणजे टाल्क निरुपद्रवी म्हणून नव्हे, दाह करतो म्हणूनच वापरतात. त्यातही बारीक कण काढून टाकलेला घेतात, कारण बारीक कण रक्तात जाऊन फुप्फुसांना गंभीर इजा करू शकतात.

हेच चिकटणं पोटात नडतं. पूर्वी शस्त्रक्रियेच्या हातमोज्यांना टाल्क लावत. त्याचे कण आतड्यांवर राहिले की शरीराच्या संरक्षक भक्षक पेशी ते गिळायला धावतात. पण हा मॅग्नेशियमचा सिलिकेट, दगडच तो, पचत नाही. मग त्या पेशी एकमेकींत मिसळून महापेशी होतात, भोवती गाठ धरते, आतडी चिकटतात. पुढे मक्याचा स्टार्च आला, त्यानेही गाठी झाल्याच. अमेरिकेने २०१७ मध्ये पावडरचे हातमोजेच बंद केले.

न सोललेल्या, अखंड त्वचेवर मात्र वरचा थर मृत पेशींचा असतो, कण जिवंत पेशींपर्यंत पोचतच नाहीत. सोललेल्या जागी किंवा जखमेत तसं नाही, तिथे गाठ होऊ शकते.

आता मुंबईच्या घामोळ्या. घामात पावडर भिजून मानेच्या वळ्यांत तिचा लगदा बसतो आणि घासतो. त्यापेक्षा गार पाण्याने पुसावं, वळ्या कोरड्या कराव्यात, सैल सुती झबलं घालावं. लावायचीच तर डबा बाळावर झटकू नका. बाळापासून दूर वळून थोडी तळहातावर घ्या, चोळा, मग लावा. पाच मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कण थेट वायुकोशांत, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांत, उतरू शकतात. आणि डबा बाळाच्या हाती खेळायला कधीच नको. तोंडावर उपडा झालाच, तर बाळ खोकून शांत झालं तरी लगेच दवाखाना गाठा. श्वासाचा त्रास काही तासांनीही सुरू होतो.