बर्फ थांबला म्हणजे सुटलो असं नाही

हिवाळा संपता संपता आलेल्या एका हिमवादळाची बातमी वाचली, तिच्यात बर्फ किती इंच पडणार यावरच सगळा भर, पुराचा इशारा मात्र शेवटच्या ओळीत उरकलाय, माझ्या मते उलटं हवं होतं. अहो मार्च-एप्रिलचा बर्फ जानेवारीसारखा भुसभुशीत नसतो, ओला आणि जड असतो, दोन फावडी उचलली की हात भरून येतात, त्यात झाडांना पालवी फुटलेली असेल तर फांद्या मोडून वायरवर पडतात आणि लाईट जाते ती वेगळीच. पण खरी गंमत पुढे, त्या बर्फावर पाऊस पडला की. लोकांना वाटतं पावसानेच बर्फ वितळतो, पावसाच्या पाण्यात तेवढी उष्णता नसतेच मुळी, जास्त काम करतो तो दमट गरम वारा, त्यातल्या वाफेचं बर्फावर पाणी झालं की इतकी उष्णता सुटते की एक ग्रॅम वाफ सातेक ग्रॅम बर्फ वितळवते!! आणि खाली जमीन गोठलेली असेल तर पाणी मुरणार कुठे, थेट नदीत. २०१९ च्या मार्चमध्ये अमेरिकेत नेब्रास्कात हेच झालं, पुराचं पाणी आणि नदीतले बर्फाचे मोठाले तुकडे आदळून स्पेन्सर धरणच फुटलं. म्हणून सांगतो, गाडीवरचा बर्फ नंतर झाडा, आधी रस्त्याकडेच्या गटाराची जाळी मोकळी करा, आणि काढलेल्या बर्फाचा ढीग घराच्या भिंतीला लागून तर अजिबात घालू नका, वितळला की सगळं पाणी तळघरात.