बीटी फवारणीविषयीच्या संदेशातले खरे आणि खोटे

‘बीटीची फवारणी म्हणजे पिकावर जिवंत रोगजंतू सोडणे, ज्याने अळीचे आतडे फुटते ते माणसाचे काय सोडणार? मित्रकीटकही मरतात, आणि एवढे करून दोन दिवसांनी अळ्या जिवंतच दिसतात,’ असा संदेश सर्वत्र फिरत आहे. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूपासून बनवलेले कीटकनाशक. एकच द्रव्य जहालही आणि कुचकामीही कसे, हे तो लिहिणाऱ्याने सांगितलेले नाही.

रोगजंतू ‘सोडण्या’चा मुद्दा लवकर निकालात निघतो. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू मातीत, पानांवर आणि धान्याच्या धुळीत मुळातच असतो. 1901 मध्ये जपानच्या इशिवाता यांना तो रेशीमकिड्यांत आढळला, 1911 मध्ये बर्लिनर यांना तो जर्मनीत पुन्हा आढळला, पुढे त्यांनीच तिथल्या थुरिंजिया प्रांतावरून त्याचे नामकरण केले आणि 1938 मध्ये फ्रान्समध्ये त्याचे कीटकनाशक विक्रीस आले.

आतड्याचा मुद्दा मात्र सविस्तर पाहावा लागेल. बीजाणू तयार होताना हा जिवाणू प्रथिनाचा एक स्फटिक बनवतो. हा स्फटिक स्वतः विषारी नसतो. अळीच्या तीव्र अल्कधर्मी आतड्यात तो विरघळतो, तिथले पाचकरस त्याचे तुकडे करतात, आणि आतड्याच्या पेशींवरील ठरावीक ग्राहकांना (रिसेप्टर, म्हणजे प्रथिन चिकटण्याच्या जागा) चिकटल्यावरच ते प्रथिन पेशींना छिद्रे पाडते. माणसाचे जठर याउलट आम्लधर्मी आहे, तिथे हे प्रथिन पचून जाते, आणि आपल्या आतड्यात ते ग्राहकही नाहीत. अन्नविषबाधा घडवणारा बॅसिलस सेरिअस हा या जिवाणूचा जवळचा नातलग आहे, हे मात्र खरे. म्हणून फवारताना तोंडाला मास्क आणि हातात मोजे हवेतच, आणि भाजी धुऊनच खावी.

‘दोन दिवसांनी अळ्या जिवंत’ हे निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा. अळीने फवारलेले पान खाल्ले की काही तासांतच तिचे खाणे थांबते. ती पानावर सुस्त पडून राहते आणि मरायला दोन ते पाच दिवस घेते. तेव्हा पाहायचे ते अळीकडे नव्हे, पानाकडे: कडेची कुरतड पुढे सरकली आहे का, खाली ताजी विष्ठा पडली आहे का? मोठ्या अळ्यांवर परिणाम कमी होतो आणि उन्हातील अतिनील किरणांनी हे द्रव्य काही दिवसांतच निष्प्रभ होते, त्यामुळे अळ्या लहान असताना, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूलाही पोहोचेल अशी फवारणी करावी लागते. भर दुपारी, बोटभर अळ्यांवर फवारून ‘उपयोग नाही’ म्हणणाऱ्यांची संख्या कमी नाही.

मित्रकीटकांबाबत संदेश अर्धाच चुकतो. अळ्यांसाठी वापरला जाणारा बीटीचा कुर्स्टाकी हा प्रकार मधमाश्या किंवा ढालकिडे मारत नाही, परंतु फुलपाखराची अळी आणि किडीची अळी यांत तो भेद करत नाही, आणि रेशीमकिडा तर या जिवाणूचा पहिला ज्ञात बळी आहे. तुतीच्या बागेशेजारी वारा त्या दिशेने वाहत असेल, तर पंप खाली ठेवावा.